रणभूमीवरील सारथ्य



सारथ्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कुरुक्षेत्र उभे राहते. हाती शस्त्र न धरता रणात उतरणे म्हणजे काय, हे त्या एका प्रतिमेने आपल्याला शिकविले आहे. आज मी पहिल्या महायुद्धातील अशाच निःशस्त्र सारथींची हकिगत सांगणार आहे. त्या ब्रिटिश स्त्रिया होत्या आणि रुग्णवाहिका हा त्यांचा रथ होता.

१९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘फर्स्ट एड नर्सिंग योमनरी’ अर्थात ‘फॅनी’ हे दल स्थापन झाले. घोड्यावरून जाऊन जखमींना प्रथमोपचार द्यावेत, ही मूळ कल्पना. १९१४ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा ब्रिटिश लष्कराने त्यांची सेवा नाकारली. त्या खचल्या नाहीत. ऑक्टोबरमध्येच त्यांची पहिली तुकडी फ्रान्समधील कॅले येथे पोहोचली आणि बेल्जियन जखमींची शुश्रूषा करू लागली. १ जानेवारी १९१६ पासून त्याच ब्रिटिश लष्कराने कॅले येथील रुग्णवाहिका चालविण्याचे काम अधिकृतपणे त्यांच्यावर सोपविले.

हे काम सोपे नव्हते. कडाक्याच्या थंडीत रेडिएटरमधील पाणी गोठू नये म्हणून रात्री उठून, हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. रस्ते खड्ड्यांचे. गाडीला एक हिसका बसला की मागे मोडक्या हाडांचा सैनिक कळवळत असे.

म्युरिएल थॉम्पसन ही यांपैकीच एक. १९०८ मध्ये ब्रुकलँड्स येथे झालेली महिलांची मोटारशर्यत त्यांनी जिंकली होती. वेगावर प्रेम करणाऱ्या या स्त्रीला युद्धात सावकाश गाडी हाकण्याची विद्या आत्मसात करावी लागली. डोक्यावर विमाने घिरट्या घालीत असता गाडी सावकाश नेणे, याला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना करा!

मे १९१८ मध्ये फ्रान्समधील सेंट ओमेर परिसरावर हवाई हल्ला झाला. थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखालील पथकाने बॉम्बवर्षावातून जखमींना बाहेर काढले. या कामगिरीबद्दल पथकाला १६ ‘मिलिटरी मेडल’ मिळाली. रणांगणावरील शौर्यासाठी सैनिकांना दिले जाणारे हे पदक १९१६ मध्येच स्त्रियांसाठी खुले झाले होते.

आणि एक विसंगती पाहा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, तो तिशी ओलांडलेल्यांना, तोही अटींसह. पदक मिळण्याइतकी मोठी असलेली तरुणी मतदानासाठी मात्र लहान ठरत होती! पुरुषांच्या बरोबरीचा हक्क मिळायला १९२८ उजाडावे लागले.

भगिनींनो, शौर्य ऐन वेळी आकाशातून पडत नाही. कोणी बोलावण्याच्या सात वर्षे आधीपासून हे दल शिकत होते, म्हणून हाक आली तेव्हा ते सिद्ध होते. आपल्यापैकी किती जणींना जखमेतून वाहणारे रक्त थांबविता येते? किती जणी घरातील वाहन रात्री-अपरात्री रुग्णालयापर्यंत नेऊ शकतील? या प्रश्नांचे उत्तर घरी जाऊन स्वतःलाच द्या, आणि उद्यापासून शिकायला लागा.