मैत्रिणीने काढलेला फोटो

(मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आईचा किंवा मावशीचा लग्नाआधी स्टुडिओत काढलेला एक फोटो असेल. मागे रंगवलेला पडदा, हात खुर्चीच्या पाठीवर, नजर किंचित खाली. तो 'दाखवण्यासाठी' काढलेला असे. त्यात मुलगी कशी दिसावी हे तिच्याखेरीज सगळ्यांनी ठरवलेले असे. आज मला बोलायचे आहे ते मैत्रिणीने काढलेल्या फोटोंविषयी.

होमाई व्यारावाला यांना आपण भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतो. नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा हे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण १९४२ साली दिल्लीला जाण्यापूर्वीची मुंबईतली होमाई मला जास्त जवळची वाटते. १९१३ साली नवसारीत पारशी कुटुंबात जन्मलेली ही मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होती. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे तिचे पती झाले. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आलेले तिचे पहिले फोटो होते बायकांच्या एका सहलीचे. मोबदला, फोटोमागे एक रुपया. सुरुवातीचे तिचे फोटो छापले जात ते मात्र माणेकशांच्या नावाने.

या काळात तिच्या कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा दिसते ती रेहाना मुघल, जे. जे.मधली वर्गमैत्रीण. हे फोटो 'सहज टिपलेले' आहेत असा माझा दावा नाही. रेहाना पोझ देते आहे आणि ते तिला ठाऊक आहे. फरक इतकाच, की कसे दिसायचे हे दोघींनी मिळून ठरवले आहे. समोर पसंती-नापसंती सांगणारे कोणी नाही. स्त्रीत्व म्हणजे नजर खाली घालणे नव्हे, हे त्या फोटोंना भाषण न करता सांगता येते.

फिल्मच्या कॅमेऱ्याचा यात मोठा वाटा आहे. होमाईंनी पुढे बरीच वर्षे वापरलेला रोलीफ्लेक्स घ्या. तो छातीशी धरून वरून काचेत बघायचे, त्यामुळे फोटो काढणारीचा चेहरा झाकला जात नाही, गप्पा चालू राहतात. एका रोलमध्ये फोटो फक्त १२. आणि आपण कशा दिसलो हे रोल धुतल्याशिवाय कळत नाही; निगेटिव्ह तर दुसरीच्याच हाती राहते. म्हणजे तिच्यावर विश्वास हवाच.

होमाईंचा ठेवा जपला गेला. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, २०१२ साली त्या गेल्या. आपल्या घरच्या ठेव्याचे काय? लग्नानंतर आडनाव बदलले, कधी नावही बदलले, की मैत्रिणी एकमेकींना सापडेनाशा होतात. अल्बममध्ये कॉलेजच्या गच्चीवर हसणाऱ्या चौघी असतात. त्यातली आपली आई तेवढी आपण ओळखतो. बाकीच्या तिघी कोण?

पुढच्या भारतवारीत आई-वडिलांचा फ्लॅट आवरताना तो डबा भंगारात देऊ नका. निगेटिव्ह स्कॅन करून घ्या. आई असेल तर तिच्याशेजारी बसा, फोटोमागे पेन्सिलीने प्रत्येकीचे माहेरचे नाव लिहा. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: "हा काढला कोणी?"

कारण ती पाचवी मैत्रीण फोटोत दिसत नाही.