घोडा का अडला?

(वडोदरा येथे अश्वपालक, ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सयाजीबागेच्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला ‘कालाघोडा’ परिचित आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांचा तो अश्वारूढ पुतळा १९०७ साली, त्यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारला गेला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला. त्याच्या शिक्षणाची जी व्यवस्था झाली तीत अक्षरओळखीच्या बरोबरीने कुस्ती आणि अश्वारोहण यांनाही स्थान होते. पुतळ्याच्या घोड्याला दाणा लागत नाही, चारा लागत नाही, आणि तो कधी अडतही नाही. जिवंत घोड्याची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आजचे विवेचन त्याच्याविषयी आहे.

लहानपणी सर्वांनीच एक कोडे ऐकलेले असते. भाकरी का करपली, विड्याची पाने का सडली, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: फिरविले नाही म्हणून. घोडा ‘फिरविणे’ किंवा ‘फेरणे’ या शब्दात आपल्या पूर्वजांनी केवळ फेरफटका गृहीत धरलेला नव्हता. रिंगणात घालून त्याची चाल बांधणे, दोन्ही अंगांना सारखे वळविणे, स्वाराच्या मांडीचा आणि हाताचा इशारा त्याला समजावून देणे, हे सर्व त्यात आले. ज्याला आज क्रीडाक्षेत्रात ‘ड्रेसाज’ म्हणतात तो हाच अभ्यास होय. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘शिकविणे’ एवढाच आहे. त्याची परीक्षा वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा रिंगणात होते. प्राथमिक पातळीवर चाळीस मीटर लांबीही चालते, आणि एवढी सपाट जागा बहुतेक गावांत गायरानालगत मिळू शकते.

ही विद्या परकीय आहे, असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही. अमरकोशात घोड्याच्या आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशा पाच गती सांगितल्या आहेत. त्यांना ‘पंचधारा’ म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांच्या खेळाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तो ग्रंथ याच शहरातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. तिकडे ग्रीस देशात झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिले. बळजबरीने करवून घेतलेल्या हालचालीला सौंदर्य नसते, असे त्याचे मत होते. मराठेशाहीच्या पागांतून घोडा तयार करणाऱ्या माणसाला ‘चाबुकस्वार’ म्हणत. नावात चाबूक असला, तरी चांगल्या चाबुकस्वाराला तो क्वचितच उगारावा लागे. आपल्या काळातील गोष्ट सांगायची तर २०२३ च्या सप्टेंबरात हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत अनुष अग्रवाला, हृदय विपुल छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक भारताला मिळवून दिले. घोडेस्वारीतील असे पदक १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आले. तेव्हापासून लहान मुलांना घोड्यावर बसविण्याचा उत्साह वाढला असेल, तर त्याबरोबर ज्ञानही वाढणे अगत्याचे आहे.

कारण अज्ञानाची किंमत घोडा भरतो, आणि कधी कधी मूल भरते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला किंवा मार्गशीर्षातच माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जो घोडेबाजार भरतो, तेथे गिऱ्हाईक काय पाहते? कंठावर देवमण आहे काय, डोळ्याखाली आसूढाळ नाही ना, घोडा पंचकल्याणी आहे काय. भोवऱ्यांची परीक्षा बारकाईने होते, पण तोंड उघडून दाढा पाहणारा विरळा. मग घरी आणलेला घोडा मान झटकू लागला, की त्याला ‘खोडकर’ ठरविले जाते. पुढच्या बाजारात तो स्वस्तात विकला जातो. नवा धनी अधिक कडक लगाम घालतो, घोडा अधिक बिथरतो, पुन्हा विकला जातो. उमदे जनावर दोन-तीन वर्षांत अशा रीतीने मातीमोल होते. भोवऱ्यावरची श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी, मात्र भोवऱ्याने आजवर कोणत्याही घोड्याचे तोंड सोललेले नाही.

मान झटकणे ही सर्वांत नित्याची तक्रार असल्याने तिचा विचार विस्ताराने केला पाहिजे. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. लगामाची कडी तेथेच बसते. ती हिरडी अतिशय नाजूक असून तिच्याखाली लगेच हाड असते. दाढांची गोष्ट अशी की त्या आयुष्यभर वर येत राहतात आणि चारा चावताना झिजतात. परंतु ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात. लगाम ओढला की गालाचा आतला भाग त्या कडांवर दाबला जातो. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक बारीक दातही असतो, त्यावर कडी आपटते. अशा घोड्याने मान झटकू नये तर काय करावे? म्हणून पहिला उपाय रिंगणात नाही, पशुवैद्यकाकडे आहे. वर्षातून एकदा दाढा तपासून घासून घ्याव्यात. कडी साधी, मध्ये सांधा असलेली, गुळगुळीत आणि तोंडाच्या रुंदीची असावी. काटेरी लगाम वापरणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे; ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयी केंद्र शासनाने १९६५ साली केलेल्या नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे. ती माहीत नसल्याने किंवा माहीत असून डोळेझाक झाल्याने असे लगाम अजूनही दुकानांतून टांगलेले दिसतात, ही खेदाची बाब होय.

तोंड निरोगी असूनही घोडा लगामाशी झगडत असेल, तर स्वाराच्या हाताकडे पाहावे. पुष्कळ स्वार लगामाचा उपयोग आपला तोल सावरण्यासाठी करतात, जणू तो एसटीतला दांडा आहे. घोडा मान देतो, तरी ओढ कायम राहते. मग मान देण्यात त्याला काही लाभ दिसत नाही. नियम असा की घोड्याने जबडा सैल केला, मान किंचित झुकविली, की त्याच क्षणी बोटे ढिली झाली पाहिजेत. घोडा ओढीने शिकत नसून ओढ सुटण्याने शिकतो. हे एक वाक्य ज्याला उमगले त्याचे अर्धे काम झाले.

आता अडण्याविषयी. येथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते. घोडा पुढे जाईना म्हणून स्वार टाच मारतो, आणि तो एकदम उधळेल या भीतीने लगामही आवळून धरतो. म्हणजे एकाच क्षणी ‘चल’ आणि ‘थांब’ असे दोन्ही हुकूम सुटतात. शाळेत गुरुजींनी एकाच वेळी ‘उठा’ आणि ‘बसा’ म्हटले तर मुलांनी काय करावे, हे उपस्थित शिक्षकांनीच सांगावे. अडलेल्या घोड्याला प्रथम तोंडाची मोकळीक द्यावी. मग पोटऱ्यांचा हलका दाब द्यावा. उत्तर न मिळाल्यास एकदाच, पण स्पष्ट टाच द्यावी, आणि घोड्याने पाऊल उचलताच पाय शांत करावेत. दर पावलाला टाच मारणाऱ्या स्वाराची टाच घोडा थोड्याच दिवसांत ऐकेनासा होतो. तो एकाच जागी, उदाहरणार्थ घराकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशीच, अडत असेल, तर तेथे झगडत बसू नये. लहानसे वळण घेऊन त्याला अन्य कामात गुंतवावे आणि त्या जागेवरून सहज न्यावे. खूर, नाल, पाठ आणि तंग हे आधी पाहून घ्यावेत, हे सांगणे न लगे.

मांड पक्की नसेल तर यांतील एकही उपाय चालणार नाही. गुडघ्याने खोगीर आवळणे, टाच वर उचलणे, पुढे वाकणे, खांदे कडक करणे हे नवशिक्याचे दोष एकाच भीतीतून येतात. भीती उपदेशाने जात नाही. त्यासाठी जुना उपाय असा, की दुसऱ्या जाणत्या माणसाने घोडा लांब दोरावर धरून वर्तुळात चालवावा आणि स्वाराने लगाम न धरता, रिकिबीतून पाय काढून वर बसावे. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. खळ्यात मळणी करताना बैल मेढीभोवती फिरतात तसेच हे दृश्य दिसते. मात्र खळ्याचे वर्तुळ यासाठी लहान पडते. घोड्याच्या सांध्यांवर ताण येऊ नये म्हणून वर्तुळ पंधरा ते वीस मीटर व्यासाचे ठेवावे. शरीराची लवचिकता जमिनीवरही कमावता येते. या शहरात जुम्मादादांच्या आणि राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेची परंपरा आहे. मल्लखांबावर ज्याचे शरीर तयार झाले आहे, त्याच्या मांड्यांना ताकद असते आणि ती कधी वापरू नये याची समजही असते. घोड्यावर ही दुसरी गोष्ट अधिक उपयोगी पडते.

काठेवाडी आणि मारवाडी घोडे बाळगणाऱ्यांची एक खास अडचण आहे, तिचा उल्लेख परदेशी पुस्तकांत कमी आढळतो. अमरेली आणि ओखामंडळ हे मुलूख बडोदे संस्थानात असल्याने काठेवाडी घोड्याशी या शहराचा संबंध जुना आहे. या घोड्यांना रेवाल चाल असते. एका बाजूचे पुढचे व मागचे पाय जवळजवळ जोडीने पडतात, स्वाराला धक्का बसत नाही, लांबचा प्रवास सुखाचा होतो. बाजारात त्या चालीला मोल आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ड्रेसाजमध्ये साध्या चालीत चार ठोके स्वतंत्र ऐकू यावे लागतात, आणि दुडकीत तिरप्या जोडीचे पाय एकत्र पडून दोनच ठोके व्हावे लागतात. रेवालीत घसरणारा घोडा तेथे गुण गमावतो. अशा वेळी जमिनीवर बांबू आडवे टाकावेत, साध्या चालीसाठी सुमारे ८० ते ९० सेंटिमीटर अंतराने आणि दुडकीसाठी सव्वा मीटरच्या आसपास. घोडा ठेंगणा असेल तर अंतर थोडे कमी करावे. बांबू ओलांडताना त्याला प्रत्येक पाय वेगळा उचलावा लागतो आणि ठेका आपोआप दुरुस्त होऊ लागतो. हे काम आठवड्याचे नाही, महिन्यांचे आहे. ज्याला प्रवासी घोडाच हवा आहे त्याने ही खटपट करू नये. देवाने दिलेली चांगली रेवाल मोडून स्पर्धेत शेवटचा क्रमांक मिळविण्यात शहाणपण नाही.

माणूस जसा उजवा किंवा डावखुरा असतो तसा घोडाही असतो. एका बाजूला तो सहज वळतो, दुसरीकडे खांदा टाकतो. पुष्कळ स्वार सोप्या बाजूलाच अधिक फिरवितात, त्यामुळे दोष वाढतो. अवघड बाजूला थोडा वेळ पण वारंवार काम द्यावे, अधूनमधून इंग्रजी आठाच्या आकाराची आकृती काढावी. पुढे खांदा आत घेऊन चालविण्याचा व्यायाम शिकवावा. फ्रान्सच्या ला गेरिनियेर याने १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो मांडला आहे. उधळ्या घोड्याला आवरण्यासाठीही सतत ओढ उपयोगी पडत नाही. क्षणभर पाठ ताठ करून, बोटे मिटून, लगेच सोडावीत, आणि चाल वरचेवर बदलावी.

वरातीत नाचणाऱ्या घोड्याविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. जागच्या जागी तालात पाय उचलण्याची जी हालचाल लोक कौतुकाने पाहतात, तीच ड्रेसाजमधील सर्वोच्च परीक्षेत मागितली जाते. तेथे ती कित्येक वर्षांच्या तयारीने, मागच्या पायांत बळ आल्यावर येते. काही ठिकाणी मात्र कोवळ्या शिंगराला बांधून, पायांवर छडी मारून ती महिन्या-दोन महिन्यांत वठविली जाते. पाहणाऱ्याला फरक ओळखता येतो. शिकलेल्या घोड्याचे कान सैल असतात आणि शेपटी शांत असते, तर मारलेल्याची शेपटी सारखी फटकारत राहते. वराकडील मंडळींनी सुपारी देण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होईल.

तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत शिंगरावर बसू नये. पाठीच्या कण्याची वाढ त्याहूनही उशिरापर्यंत चालू असते. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नये. ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो झाले, की पुरे. वैशाखात या भागात ऊन चढण्यापूर्वीच काम आटोपावे. शेवटची दहा मिनिटे लगाम लांब सोडून, तंग एक भोक सैल करून चालवावे. मग खोगीर उतरवून पाठ पाहावी. घामाचा ठसा दोन्ही अंगांना सारखा असला पाहिजे. घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तेथे खोगीर टोचते आहे असे समजावे, आणि ते दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसू नये.