सडवा, सत्त्व आणि पाच लिटर बीअर

मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. सुट्टीवर मोताळ्यात आलोय आणि घर मलकापूर-बुलढाणा रोडपासून फार लांब नाही. माइक उशीत दाबून ठेवलाय, तरी जेवढा आवाज यायचा तेवढा येणारच.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की मी लीड्सला असतो, दिवसभर कोड लिहितो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घरी पाच लिटर बीअर बनवतो. किट नाही, सिरपचा डबा नाही. धान्यापासून सुरुवात करून. त्यामुळे मेसेजमध्ये एकच प्रश्न सारखा येतो : "भाऊ, हे आपल्या गावात जमेल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, पूर्वी तो मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जायचा. त्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. पाच लिटर असो की पाचशे, विकायला असो की स्वतःसाठी, कायद्याला फरक पडत नाही. इंग्लंडमध्येही एकेकाळी घरच्या बीअरला परवाना लागायचा. १८८० मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने माल्टवरचा कर काढला आणि घरी बनवणाऱ्यांवर परवाना लावला, तो १९६३ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून तिथे स्वतःसाठी बनवायला मोकळीक आहे, विकायला नाही. म्हणून मी जे करतो ते तिथे करतो. इथे आल्यावर फक्त बोलतो.

पण "नाही" म्हणून विषय संपत नाही. कारण ही गोष्ट घरी कळली तेव्हा बाबा पहिलं वाक्य बोलले : "तिकडं जाऊन दारू गायतो काय रे तू?" आमच्याकडे ळ चा य होतो, गाळतो म्हणजे गायतो. मला त्यांचा राग आला नाही, कारण चूक त्यांची नाहीच. आपल्याकडे दारू गाळतात, काढतात, पाडतात. बीअर बनवण्यासाठी वेगळं क्रियापदच नाही. आणि "गाळणे" म्हटलं की डोळ्यासमोर भट्टी येते, पत्र्याचा डबा येतो, आणि ज्या घरात रोज संध्याकाळी भांडण व्हायचं ते घरही येतं. गल्लीत असं एखादं घर नसलेलं गाव मला दाखवा.

तर आज मला एवढंच उलगडायचं आहे की माझ्या बादलीत आणि भट्टीच्या डब्यात काय सारखं आहे आणि काय वेगळं.

सुरुवात दाण्यापासून. बीअरचा दाणा म्हणजे जव, म्हणजे बार्ली. तो भिजवायचा, मोड आणायचे, मग कोरड्या उष्णतेनं वाळवायचा. याला जगभर माल्ट म्हणतात. आपल्या घरात याला काय म्हणतात? बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आजी रात्रभर नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, उन्हात वाळवते, दळते. बाप्पा, माल्टिंग म्हणजे दुसरं काय! मोड येताना दाणा स्वतःच्या पोटातला स्टार्च फोडायला एन्झाइम तयार करतो, कारण रोपाला वाढायला साखर हवी असते. दाण्यानं कारखाना उभा केला की आपण वाळवून तो बंद करतो. कारखाना शाबूत राहतो, काम थांबतं. सत्त्वाची पेज नुसत्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, ती याच एन्झाइममुळे.

माझा रविवार हा कारखाना पुन्हा सुरू करण्यापासून सुरू होतो. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात सात लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवतो. त्यात जाळीच्या पिशवीत भरडलेला १ किलो २०० ग्रॅम पेल माल्ट सोडतो. भरडलेला, दळलेला नाही. पीठ झालं तर सगळा चिखल होतो. धान्य आत गेलं की तापमान ६६ च्या आसपास येतं. तिथे ते एक तास धरायचं. पातेल्याला जुनी रजई गुंडाळली की पुरतं. ६३ ला धरलं तर साखर जास्त साधी होते आणि बीअर कोरडी लागते, ६९ ला धरलं तर यीस्टला न पचणारी साखर उरते आणि बीअर जड लागते. सहा अंशांत पेयाचा स्वभाव बदलतो. मला या छंदात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे, कारण ऑफिसात एवढ्या छोट्या बदलाचा एवढा स्वच्छ परिणाम कधी दिसत नाही.

तासाभरानं पिशवी उचलायची, वरून दीड लिटर गरम पाणी ओतायचं, निथळू द्यायचं. खाली उरतं ते गोड, गव्हाळ रंगाचं पाणी. त्याला वर्ट म्हणतात. मग ते तासभर उकळायचं. आणि इथे येतो हॉप.

हॉप ही वेल आहे, गांजाच्याच कुळातली, पण नशेचा संबंध नाही. तिच्या हिरव्या फुलात राळ असते. उकळताना त्या राळेतली आम्लं आपला आकार बदलतात आणि कडू होतात. म्हणून कडवटपणासाठीचा हॉप सुरुवातीला : मॅग्नम जातीचा चार ग्रॅम, बस. वासासाठीचा हॉप शेवटी, कारण सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं : उकळी संपायला दहा मिनिटं राहिली की कॅस्केड दहा ग्रॅम. आणि आंबणं जवळजवळ संपलं की आणखी वीस ग्रॅम थंडच टाकायचा, तीन दिवस ठेवायचा. संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. फोडणी आणि वरून कोथिंबीर, एवढाच फरक समजा.

हॉपचं दुसरं काम राखणदाराचं. ताक, अंबील आंबट करणारे जे जिवाणू असतात, त्यांना तो वाढू देत नाही. याचा आपल्याशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून जास्त हॉप घातलेली फिकट बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून भारतात यायची. आज पुण्या-मुंबईच्या पबमध्ये इंडिया पेल एल म्हणून जे मिळतं त्याचं नाव या व्यापारातून आलं. पण ती खास भारतासाठी शोधून काढली ही नेटवरची लाडकी गोष्ट खरी नाही. हॉपवाली फिकट बीअर तिथे आधीपासून होती, आणि इकडचे गोरे शिपाई बहुतेक काळी पोर्टर प्यायचे. फिकट बीअर साहेबलोकांची.

आता पाण्याकडे येतो, कारण मोताळ्याचा माणूस पाण्यावर बोलल्याशिवाय राहू शकत नाही. आपल्या भागात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून आया डाळीपुरतं वेगळं पाणी भरून ठेवतात. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यात तर हे दुखणं कायमचं. काऊन शिजत नाही? जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. बीअरमध्येही पाणी असंच नडतं. एक जडपणा असतो बायकार्बोनेटचा, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसवणारा. तो फिकट माल्टचं आम्लपण मारतो, मग एन्झाइम नीट चालत नाहीत आणि कडूपणा जिभेवर खरखरीत लागतो. दुसरा जडपणा सल्फेटचा, जिप्समचा, त्यानं हॉपचा कडूपणा उलट स्वच्छ आणि टोकदार होतो. इंग्लंडमधलं बर्टन गाव अशाच पाण्यामुळे फिकट बीअरसाठी प्रसिद्ध झालं. पहिला उकळून बराचसा जातो, दुसरा जात नाही. लीड्सचं पाणी मऊ आहे, तिथे मी चिमूटभर जिप्सम टाकतो. इथे असतो तर आधी पाणी उकळून, निवळून घेण्यातच अर्धा दिवस गेला असता.

मग थंड करणं आणि यीस्ट. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्ट २० अंशांवर आणायचं, धुऊन निर्जंतुक केलेल्या बादलीत ओतायचं, कोरड्या एल यीस्टचं अर्धं पाकीट टाकायचं. पुढचे दहा ते चौदा दिवस १८ ते २० अंश. लीड्सला हे कपाटात आपोआप मिळतं. मोताळ्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हाळ्यात हेच यीस्ट बेभान होतं आणि चव थिनरकडे झुकते. गंमत म्हणजे नॉर्वेच्या शेतकरी घरांत क्वाइक नावाचं यीस्ट असतं, ते पस्तीस-चाळीस अंशांतही आरामात चालतं. थंडीच्या देशात उन्हाळी यीस्ट! लोक ते वाळवून पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचे, खराब झालं की शेजारच्या घरून मागून आणायचे. विरजणासारखंच.

शेवटी बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर, झाकण घट्ट, आणखी दोन आठवडे. ही साखर डोळ्यांनी नाही, वजनकाट्यानं मोजायची. आंबणं पूर्ण थांबलेलं नसताना भरलं किंवा साखर जास्त झाली तर बाटली फुटते, आणि काच कुठेही जाते. तयार होते ती साधारण पावणेपाच टक्क्यांची बीअर.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. पेपरात बातमी येते, "मोहा सडवा जप्त". सडवा म्हणजे काय, तर आंबवलेलं मिश्रण. खरं सांगायचं तर माझी बादलीही, आंबत असताना, सडवाच आहे. रसायन तेच : यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. फरक पुढे पडतो. भट्टीवाला सडवा उकळून वाफ गोळा करतो, म्हणजे अल्कोहोल कितीतरी पट तीव्र करतो. मी उकळतो ते आंबवायच्या आधी, नंतर नाही. आणि विषारी दारूचं म्हणाल, तर २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती मिथेनॉलनं. धान्य आंबवून मिथेनॉल नाममात्र तयार होतं. माणसं मारणारं मिथेनॉल हे कारखान्यातलं असतं, कुणीतरी नफ्यासाठी मिसळलेलं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले फरक समजला. पन गल्लीतल्या बाईले तू हा फरक कसा समजावशीन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. महाराष्ट्रात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. उभी बाटली, आडवी बाटली. त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला ६६ अंश आणि कॅस्केडचा वास सांगणं मला जमणार नाही, आणि ती ऐकत नाही म्हणून तिला मागास म्हणणारे पुण्या-बंगळूरचे मित्र मला अजिबात पटत नाहीत. कायदा बदलावा असं मला वाटतं. स्वतःपुरतं, मोजून, विक्रीशिवाय. पण ती मागणी करताना तिच्या समोर उभं राहून करावी लागेल.

ज्यांना धान्यातली गंमत बघायचीच आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग, यीस्टशिवाय, म्हणून कायद्यातही बसतो. पाव किलो जव भिजवा, तीन-चार दिवस फडक्यात मोड आणा, कडक उन्हात वाळवा, चोळून मुळं काढा, भरडा. ज्वारी वापरू नका. नायजेरियात १९८८ मध्ये आयात बंद झाल्यावर बीअरवाले ज्वारीवर गेले हे खरं, पण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि तिचा स्टार्चही आधी वेगळा शिजवावा लागतो. ते घरचं काम नाही. चहाच्या थर्मासमध्ये शंभर ग्रॅम भरड घ्या, सव्वादोनशे मिली उकळतं आणि पावणेदोनशे मिली साधं पाणी एकत्र करून ओता. तापमान ६५ च्या जवळ येतं, थर्मामीटर लागत नाही. झाकण लावा. दर पंधरा मिनिटांनी चमचाभर बशीत काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, तो नमुना पिऊ नका. सुरुवातीला निळा-काळा होईल, तासाभरात रंग बदलायचा थांबेल. तेव्हा गाळा, उकळा, दूध घालून त्याच दिवशी प्या. साखर घालू नका, आधी नुसतं चाखून बघा.

फोटो पाठवा, बशीचे. पुढच्या भागात विरजणावर बोलू.