पोटाचा जुना आजार आणि बोलके यंत्र



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी पोटाच्या दुखण्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु शौचास रक्त पडते ही गोष्ट आपल्याकडे माणसे लाजेने घरातही सांगत नाहीत. म्हणूनच ती चारचौघांत बोलणे अवश्य आहे.

रक्त दिसले की “मूळव्याध असेल” म्हणून आपण स्वस्थ बसतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण कधी कधी तो अल्सरेटिव्ह कोलायटिस निघतो. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन आत व्रण पडतात. हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग, असा समज होता. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या डॉक्टरांनी ३०,००० हून अधिक रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध केले. आतड्याच्या अशा सुजेचे प्रमाण खेड्यांतील व शहरांतील रुग्णांत जवळजवळ सारखेच आढळले.

हा रोग औषधांनी समूळ जात नाही, ताब्यात राहतो. ताब्यात आला की रुग्णाला वाटते, आता गोळ्या कशाला? आणि गोळ्या सुटल्या की तो उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून औषधाइतकीच समजूत महत्त्वाची. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात ती भाषेपाशी अडते. बेला, जैनद भागातल्या अनेक घरांत मराठी, दवाखान्यात तेलुगू आणि हातात येणारा कागद इंग्रजी! तो कागद घडी घालून पेटीत जातो.

येथे मोबाईलमधील चॅटबॉट, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र, कामी येऊ शकते. असे संभाषण करणारे यंत्र अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ सालीच लोकांपुढे मांडले होते. पण ते बहुधा माणसाचेच वाक्य फिरवून त्याला परत विचारी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून मराठीत विचारावे आणि मराठीत उत्तर मिळावे, अशी सोय झाली आहे. “कोलायटिस म्हणजे काय? बरे वाटल्यावरही गोळी का घ्यायची?” हे दहादा विचारले तरी यंत्र कंटाळत नाही, आणि त्याच्यापुढे लाजही वाटत नाही.

मात्र यंत्राने पोट चाचपलेले नसते. अफाट मजकुरातून शिकून ते शब्दापुढे शब्द जुळवते. मराठीत असा मजकूर इंग्रजीहून फार थोडा. म्हणून चूक होण्याचा संभव अधिक, आणि चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देते. एकच उदाहरण पुरे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स नावाचा रोग यांची लक्षणे सारखीच: पोटदुखी, ताप, वजन घटणे. क्रोन्स समजून क्षयाच्या रोग्यास स्टेरॉइड दिले तर क्षय बळावतो. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावरही ज्याचा निर्णय डॉक्टरांना कठीण जातो, तो मोबाईल कसा करणार?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. शिकलेल्या मुलामुलींनी घरातील रुग्णाजवळ बसावे. डॉक्टरांनी सांगितलेला रोग समजून घेण्यापुरते यंत्राला विचारावे, मिळालेले उत्तर वहीत उतरवावे आणि पुढच्या खेपेस ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. नाव व आधार क्रमांक यंत्राला देऊ नये. यंत्राच्या सांगण्यावरून कोणतीही गोळी सुरू वा बंद करू नये. रक्त, ताप, घटते वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर विचारत बसू नये. आदिलाबादचे रिम्स गाठावे.

यंत्र भाषेचे अंतर कमी करील; दवाखान्याची वाट मात्र आपणच चालावयाची आहे. आपल्या संस्थेने आजवर अडल्यानडल्यास हात दिला. त्याच हाताने आता ही वहीही धरावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.