मनाचा आजार कोर्टही तपासतं

परदेशात गेलेल्या आरोपीला खटल्यासाठी मागून आणणं म्हणजे प्रत्यार्पण. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातला आरोपी नीरव मोदी याच्या वकिलांनी लंडनच्या कोर्टात सांगितलं, त्याला नैराश्य आहे, मुंबईच्या तुरुंगात पाठवलं तर तो जीव देईल.

आपण म्हणू, ही सगळी नाटकं! पण कोर्टानं मनाच्या डॉक्टरांची साक्ष घेतली, आजार मान्य केला. मात्र आर्थर रोड तुरुंगात उपचार देऊ, अशी हमी भारत सरकारनं दिली होती. म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये त्याचं अपील फेटाळलं.

उलट, अमेरिकेला हवा असलेला ब्रिटनचा गॅरी मॅकिनन. त्याची आई वर्षानुवर्षं लढली. जिवाचा धोका मोठा म्हणून 2012 मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी त्याला पाठवणं थांबवलं.

दोन्हीकडे प्रश्न तेच: धोका किती? सांभाळ कोण करणार? गटातली एखादी "जगावंसं वाटत नाही" म्हणाली, तर आम्हीही हेच दोन प्रश्न विचारतो. तिला एकटं सोडत नाही. 14416 या टेली मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. तोही तिच्याजवळ बसूनच लावूया.