कोरड्या मुलुखातले पहिले गावकरी



शिरूर आणि दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. तिकडे मावळात पाऊस कोसळतो, आणि इकडे ढग नुसते तोंड दाखवून पुढे जातात. अशा मुलुखात पहिल्यांदा घर कोणी बांधले असेल, आणि कशाच्या भरवशावर?

याचे उत्तर शिरूर तालुक्यातच, घोडनदीच्या काठी इनामगावला मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने १९६८ ते १९८३ या काळात तेथील पांढरी खणली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आदी संशोधक या कामी होते. मातीखालून निघाले ते इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचे नांदते गाव! सातवाहन राजे यायला तेव्हा कित्येक शतके होती.

ही माणसे दगडी पाती व थोडीफार तांब्याची अवजारे वापरीत, गुरे पाळीत. सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकवीत. सातू हे मुख्य पीक, कारण त्याला गव्हाइतके पाणी लागत नाही. पण नुसत्या पावसावर ते विसंबले नाहीत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खणला, दगडमातीचा बांध घातला. आता सांगा, हे काय एकट्या घरधन्याचे काम? गावाने हात लावल्याखेरीज पाट होत नाही. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि लगत धान्याचे कोठारही सापडले. दौंड तालुक्यात वाळकी येथे अशाच लोकांची लहानशी वस्ती होती.

दूर अमेरिकेत, फार पुढच्या काळात, हाच धडा पुन्हा गिरवला गेला. छळाला कंटाळलेले मॉर्मन पंथाचे लोक ब्रिगहॅम यंग यांच्यामागे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये युटातील खाऱ्या सरोवराजवळच्या रुक्ष खोऱ्यात पोहोचले. जमीन इतकी कडक, की नांगर लागेना. पुढे आलेल्या तुकडीने आल्या आल्या ओढा अडवला, रान भिजवले आणि बटाटे लावले. ओढ्याचे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही, असे त्यांनी ठरवले. पाट सगळ्यांनी मिळून खणले आणि पाणी पाळीने घेतले.

इनामगावचे पुढे काय झाले? इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. गहू जवळजवळ बंद झाला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीपेक्षा शेरडामेंढरांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. तरीही लोक सुमारे तीनशे वर्षे चिकटून राहिले, आणि मग गाव ओस पडले.

आज आपल्याकडे धरणे आहेत, कालवे आहेत, विंधनविहिरी आहेत. दौंडच्या शिवारात खडकवासल्याचे पाणी खेळते, ऊस डोलतो. पण आभाळ तेच आहे. त्या लोकांनी कमी पाण्याचे पीक मुख्य ठेवले आणि पाटाला सगळ्यांचे हात लावले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाव टिकले. आपण पीक निवडताना आणि विहीर खोल नेताना शेजाऱ्याच्या पाण्याचा विचार करतो का?

गुरुजींनी मुलांना एकदा नदीकाठची पांढरी जरूर दाखवावी. खापरे मात्र उचलू देऊ नयेत. ती जागच्या जागी असली तरच बोलतात. आणि परतताना मुलांना विचारावे : आपल्या गावाचे पाणी कोठून येते, आणि ते कोणाकोणाचे आहे?