घोकंपट्टी करणारे यंत्र

पाठांतर आणि आकलन यांतील भेद शिक्षकास नित्य जाणवतो. वहीतील गणिते तोंडपाठ केलेला मुलगा तीच गणिते विचारली की पैकीच्या पैकी गुण मिळवितो. आकडे बदलले की अडखळतो. उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाचेही असेच होते. नोंदींतील सर्वसामान्य नियम हुडकण्याऐवजी तो त्यांतले योगायोगच पाठ करून बसतो. या दोषास ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात.

यावर जुना उपाय असा की, काही नोंदी राखून ठेवाव्या व त्यांवर यंत्राची परीक्षा घ्यावी. परीक्षा एकदाच झाली, तर ती विश्वसनीय असते. परंतु व्यवहारात संशोधक गुण पाहतो, यंत्रात फेरफार करतो आणि त्याच नोंदींवर पुन्हा परीक्षा घेतो. दर निकालागणिक प्रश्नपत्रिका थोडी थोडी फुटत जाते. गुण वाढतात, ज्ञान वाढत नाही. रोगनिदानाचे यंत्र असे तयार झाले, तर त्याचे मोल रुग्णास द्यावे लागेल.

यावरील एक उत्तर अनपेक्षित दिशेने आले. २००६ साली सिंथिया ड्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजगी माहितीच्या रक्षणासाठी ‘डिफरेन्शियल प्रायव्हसी’ची कल्पना मांडली. कोणा एकाची नोंद संग्रहात असो वा नसो, मिळणाऱ्या उत्तरात जवळजवळ फरक पडू नये, हे तिचे सार. त्यासाठी उत्तरात मोजूनमापून किंचित फेर मिसळतात. आता ज्याला कोणाही एकाची नोंद ओळखता येत नाही, तो पाठ तरी काय करणार? त्याला समुदायाविषयीच शिकणे भाग पडते.

२०१५ साली ड्वर्क व पाच सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात हे तत्त्व परीक्षेस लावून दाखविले. शिकवणीच्या व राखीव नोंदींवरील गुण साधारण जुळले, तर संशोधकास शिकवणीचेच गुण सांगावयाचे. तफावत मोठी असेल तरच राखीव नोंदींचे, तेही किंचित फेर मिसळून. पडताळ्यासाठी त्यांनी मुद्दाम शिकण्याजोगे काहीच नसलेल्या नोंदी घेतल्या. खरे गुण शेकडा ५० असता जुन्या रीतीने ६० हून अधिक दाखविले. नव्या रीतीने ५० च्या आसपासच.

अर्थात या रीतीलाही मर्यादा आहे. तफावत वारंवार उघड करावी लागली, की नव्या नोंदी आणाव्याच लागतात. तथापि माहिती झाकली की ज्ञान उणावते, हा आपला समज सर्वस्वी खरा नाही, एवढे यावरून दिसते. व्यक्तीचे गुपित राखणारा नियमच येथे निष्कर्षाच्या सत्यतेची राखण करतो.